हाय-लिफ्ट जॅकची जागा

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुळशी, भोर, इगतपुरीकडे निघालेल्या थार, गुरखा आणि जुन्या जिप्सी पाहिल्या, तर त्यांतल्या काहींच्या अंगावर एक लांब, भोकाभोकांचा लोखंडी दांडा दिसतो. कुणी तो बोनेटवर आडवा बसवलेला असतो, कुणी स्टेपनीच्या मागे, कुणी छतावरच्या कॅरिअरला. काही जण तो मागच्या सीटच्या पायाशी नुसता टाकून ठेवतात. हा हाय-लिफ्ट जॅक. चिखलात पोटापर्यंत रुतलेली गाडी उचलून चाकाखाली दगड किंवा फळी सरकवायची असेल, तर वीज आणि तेल न मागणारं इतकं साधं अवजार दुसरं नाही. तो वापरताना हँडल उसळून जबडा फुटतो, बोटं चिरडतात, हे ऑफरोडिंग करणारे एकमेकांना बजावून सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पण जॅक प्रत्यक्ष कामाला लागतो तो वर्षाकाठी काही मिनिटं. उरलेला सगळा काळ तो गाडीबरोबर फिरत असतो: महामार्गावर, घाटात, सिग्नलला, शाळा सुटल्यावर मुलांच्या घोळक्याशेजारून. त्या काळात तो कुठे आहे आणि कशाने धरलेला आहे, हा विचार बहुतेक वेळा गाडी सजवण्याच्या ओघात, दुकानातल्या कॅटलॉगवरून उरकला जातो. या लेखात तोच प्रश्न सगळ्या बाजूंनी पाहायचा आहे.

आधी वस्तू नीट ओळखून घेऊ. हे मूळचं शेतीचं अवजार. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमफील्ड गावी १९०५ पासून ते बनत आलं आहे. कुंपणाचे खांब उपटायचे, तारा ताणायच्या, अवजड यंत्रं उचलायची, अशी त्याची कामं. जीप आणि लँड रोव्हर चालवणाऱ्यांनी ते नंतर आपलंसं केलं. शंभराहून जास्त वर्षांत त्याची मूळ कल्पना बदललेली नाही. भोकं पाडलेला पोलादी दांडा, त्यावर दोन पिनांच्या आळीपाळीने पायरी-पायरीने चढणारी यंत्रणा, वर जायचं की खाली हे ठरवणारी एक खिटी, लांब हँडल आणि खाली तळाची छोटी पट्टी. ३६, ४२, ४८ आणि ६० इंच अशा लांबींत तो मिळतो. आपल्याकडे जास्त दिसतो तो ४८ इंची, म्हणजे चार फुटांचा. त्याचं वजन साधारण १३ किलो, आणि मूळ कंपनीने ठरवलेली उचलण्याची मर्यादा २,११४ किलो. बाजारात ‘फार्म जॅक’ म्हणून त्याच्या हुबेहूब नकलाही मिळतात. त्यांच्यावर भाराची मर्यादा कोरलेली नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

गाडीवर बसवण्याच्या दृष्टीने या वस्तूचे तीन गुण त्रासदायक आहेत. ती जड आहे. ती लांब आहे, त्यामुळे एकाच टोकाला धरली तर दुसरं टोक स्वतःच तरफ बनतं. आणि तिचे भाग सुटे, हलते आहेत: हँडल, खिटी, वर-खाली सरकणारी यंत्रणा. साधी लोखंडी पहार बांधणं आणि हा जॅक बांधणं, यांत फरक पडतो तो या तिसऱ्या गुणामुळे.

आता त्याच्यावर येणारे भार. रोजच्या चालण्यात, अगदी करकचून ब्रेक मारला किंवा वळणावर गाडी झुकली, तरी हे भार मर्यादित असतात. ऑस्ट्रेलियात वाहनांवर माल बांधण्यासाठी जी अधिकृत मार्गदर्शिका आहे ती म्हणते की पकड पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, बाजूंना आणि मागे ०.५ पट, आणि वरच्या दिशेला ०.२ पट ओढ सोसणारी हवी. १३ किलोच्या जॅकसाठी याचा अर्थ पुढच्या दिशेला जेमतेम साडेदहा किलो. एखादी साधी दोरीही हे पेलेल. म्हणूनच दोरीने बांधलेला जॅक वर्षानुवर्षं जागेवर राहतो आणि मालकाला वाटतं की आपलं काम चोख आहे.

अपघाताचं गणित वेगळं असतं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या चुरगाळ्यात थांबली, तर ती सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट जोराने थांबते. त्या क्षणी १३ किलोचा जॅक आपल्या पकडीला २६० किलोच्या ओढीने खेचतो. पकड सुटली तर तो त्याच ५० किलोमीटरच्या वेगाने पुढे जातो, आणि हा वेग दहा मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा आहे. तिसऱ्या मजल्यावरून पडणारा पोलादी दांडा आपल्या मुलाच्या डोक्यामागे ठेवायला कुणी तयार होणार नाही. गाडीत मोकळा ठेवलेला जॅक म्हणजे नेमकं तेच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी १७ क्रमांकाच्या नियमात मागच्या सीटच्या पाठीची चाचणी असते. तिच्यामागे प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या आसपासचा धक्का देतात. ते ठोकळे ३० सेंटिमीटरचे बोथट घन असतात. चार फुटी, टोकदार पोलाद त्या पाठीतून कसं जाईल, याचा हिशेब त्या चाचणीत नाही.

या दोन टोकांच्या मधे तिसरा भार आहे आणि ऑफरोडिंगमध्ये तोच सगळ्यांत कपटी: अखंड थरथर. दगडी वाटेवर प्रत्येक खड्ड्यात जॅकचं वजन क्षणभर दोन-तीन पट होतं आणि लगेच उणे होतं. एका दिवसात असे हजारो हेलकावे. नट यांनीच ढिले होतात, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर यांनीच पडते. अपघाताची वेळ येईपर्यंत पकड आधीच अर्धी गेलेली असते.

हे तीनही भार डोळ्यांसमोर ठेवले की जागांचा विचार सोपा होतो. सुरुवात गाडीच्या आतून करतो, कारण सगळ्यांत जास्त जीव तिथे टांगणीला लागतात आणि सगळ्यांत कमी विचारही तिथेच होतो.

आत ठेवण्याच्या बाजूने बोलणारे तीन कारणं देतात: चोरी होत नाही, गंजत नाही, चिखल लागत नाही. तिन्ही खरी आहेत. रोल केजच्या नळीला जॅक बांधलेल्या स्पर्धेच्या गाड्यांची छायाचित्रंही दाखवली जातात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या तर हे अनुकरण का धोक्याचं ते कळतं. त्या गाड्यांत माणसं हेल्मेट घालून, अनेक पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये जखडून बसतात, मागे प्रवासी नसतात आणि वेग बहुतांश वेळ माणसाच्या चालण्याएवढा असतो. आपल्या थारमध्ये मागे आजी आणि नातवंडं बसतात, डोक्यावर हेल्मेट नसतं आणि घरी परतताना महामार्गावर वेग ताशी ऐंशी-नव्वद असतो. ज्या नळीला जॅक बांधला तिच्यापासून डोकं वीतभर अंतरावर असतं. गाडी कलंडली, तर जॅक सुटण्याचीही गरज नाही. डोकंच त्याच्यावर जाऊन आपटतं. म्हणून प्रवासी बसतात त्या जागेत, खांद्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, जॅक कधीच नको. या मताला मी कुठलीही सवलत देणार नाही.

आतच ठेवायचा असेल तर एकच जागा उरते. शेवटच्या सीटच्या पाठीमागे, फरशीला टेकून, गाडीच्या रुंदीला समांतर आडवा. लांबीच्या दिशेने ठेवलेला जॅक धक्क्यात भाल्यासारखा पुढे जातो, आडवा ठेवलेला निदान सीटच्या पूर्ण रुंदीवर अडतो. चार फुटी जॅक बऱ्याच छोट्या गाड्यांत चाकांच्या दोन कमानींमध्ये आडवा मावत नाही. त्यामुळे खरेदीच्या आधी फूटपट्टी घेऊन मोजावं, गरज पडल्यास ३६ इंची घ्यावा. आणि तो फरशीतून आरपार गेलेल्या बोल्टने धरलेला असावा, फरशीखाली जाड पोलादी पट्टीसह. सामानाच्या ढिगाखाली दाबून ठेवणं म्हणजे बसवणं नव्हे. तसा ठेवला तर अडकल्यावर भर पावसात सगळं सामान चिखलात उतरवल्याशिवाय तो हाती लागतही नाही.

मागचा दरवाजा आणि त्यावरची स्टेपनी ही सगळ्यांत लोकप्रिय जागा. दिसायलाही छान दिसते. जॅक प्रवाशांच्या बाहेर असतो, समोरून धक्का बसला तर गाडीचं सगळं अंग त्याच्या आणि माणसांच्या मध्ये असतं. ही या जागेची खरी ताकद आहे. अडचण बिजागऱ्यांची. बाजूला उघडणारा दरवाजा आधीच मोठ्या टायरची स्टेपनी पेलत असतो. समजा जॅकचा मध्य बिजागऱ्यांच्या रेषेपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांमधलं उभं अंतर ३५ सेंटिमीटर आहे. तर १३ किलोचा जॅक वरच्या बिजागरीला २६ किलोने ओढतो, गाडी उभी असतानासुद्धा. खड्ड्यात तिप्पट झटका बसला की ७८ किलो. हे सगळं स्टेपनीच्या ओढीवर आणखी चढलेलं. परिणाम हळूहळू दिसतो: दरवाजा बंद करताना किंचित उचलावा लागतो, मग कुलपाचा खटका घासू लागतो, मग रबराच्या कडेतून पाणी येतं, शेवटी बिजागरीभोवतीच्या पत्र्यात चीर दिसते. अमेरिकेत जीप रँगलरच्या याच दरवाजाला बळकटी देणारे जोड-पत्रे वेगळे विकले जातात, यावरूनच हा आजार किती जुना आणि सर्वसामान्य आहे ते कळतं.

मागच्या जागेची दुसरी गोष्ट कुणी फारशी ध्यानात घेत नाही. ऑफरोड गाड्या बहुतेक चासीवर बांधलेल्या असतात. थार, गुरखा, जिम्नी या सगळ्यांत खाली शिडीसारखी चासी आणि तिच्यावर रबराच्या उशांवर बसवलेली बॉडी असते. वाकड्या-तिकड्या जमिनीवर चासी पिळते आणि बॉडी तिच्या सापेक्ष हलते. जॅकचं एक टोक मागच्या लोखंडी बंपरला, म्हणजे चासीला, आणि दुसरं दरवाजाला, म्हणजे बॉडीला बांधलं, तर चार फुटांचा तो ताठ पोलादी दांडा दोघांना रोज पिळून काढतो. दोन्ही पकडी एकाच भागावर हव्यात: दोन्ही चासीला किंवा दोन्ही बॉडीला. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरकडून काम करून घेताना ही एक गोष्ट आवर्जून सांगावी, कारण वेल्डिंग सुबक असूनही पकड तुटण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

या सगळ्यावरचा चांगला तोडगा म्हणजे चासीला जोडलेला मागचा पोलादी बंपर आणि त्यावर स्वतःच्या वेगळ्या बिजागरीवर फिरणारी चौकट, जिच्यावर स्टेपनी आणि जॅक दोन्ही बसतात. दरवाजावर मग काहीच भार नाही. खर्च जास्त, वजन जास्त, गाडीची लांबीही थोडी वाढते. पण यांत्रिक दृष्टीने छोट्या ऑफरोड गाडीसाठी यापेक्षा प्रामाणिक जागा मला दिसत नाही. नंबरप्लेट, मागचे दिवे, ब्रेकचा वरचा तिसरा दिवा आणि मागचा कॅमेरा यांपैकी काही झाकलं जात नाही ना, एवढं पाहावं. पिकअप असेल, म्हणजे हायलक्स, व्ही-क्रॉस किंवा साधी बोलेरो कॅम्पर, तर काम आणखी सोपं. मागच्या हौद्याच्या फरशीवर, पुढच्या भिंतीला लागून आडवा, दोन आरपार बोल्टवर. माणसं आणि जॅक यांच्यात पोलादी भिंत असते आणि वजनही खाली राहतं.

बोनेटवर जॅक बसवू नये. बोनेटचा पत्रा पातळ असतो, आणि तो तसा असण्याला कारण आहे: पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर त्याने दबून जावं. त्यावर १३ किलोचं पोलाद आडवं ठेवलं की ती सोय संपते. समोरून धडक झाली की बोनेट मधोमध घडी पडून वर येतं आणि त्यावरचा जॅक काचेच्या दिशेने सरकतो. शिवाय चढावर समोरचं दिसण्यासाठी जो चालक आधीच सीटवरून उचकून पाहतो, त्याच्या नजरेसमोर तो दांडा. बोनेटच्या बिजागऱ्यांजवळ, काचेच्या खांबाशी पकड देणारे संच परदेशात रँगलरसाठी मिळतात. ते बोनेटच्या मधल्या पत्र्यापेक्षा बरे, तरी वरचे बाकीचे आक्षेप त्यांनाही लागू आहेत.

पुढच्या बंपरचा प्रश्न कायद्यापाशीही जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं की वाहनांवरचे क्रॅश गार्ड किंवा बुलबार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी. कारण दिलं ते पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्या माणसांच्या सुरक्षेचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. युरोपात २००५ साली निघालेल्या एका निर्देशाने चाचणी उत्तीर्ण न होणाऱ्या कडक बुलबारना बाजाराबाहेर काढलं होतं. कायद्यात जॅकचं नाव नाही, पण आपल्याकडे जॅक पुढे बसतो तो याच लोखंडी बारवर. मला यात कायद्याची बाजू पटते. ग्लोबल एनकॅपने २०२० मध्ये नव्या थारला चार तारे दिले, ते कारखान्यातून निघालेल्या गाडीला. पुढे लोखंड जोडल्यावर चुरगळण्याची जागा आणि एअरबॅगला इशारा देणाऱ्या संवेदकांपर्यंत धक्का पोचण्याची वेळ, दोन्ही बदलू शकतात. त्यात जॅक रेडिएटरसमोर आला तर हवाही अडते. ओढ्यातून जाताना पुढून उठणारी लाट तर सगळा गाळ सरळ त्याच्या यंत्रणेत भरते.

छतावर ठेवण्यात माणसांपासून दूर ठेवल्याचा फायदा आहे, पण १३ किलो गाडीच्या सगळ्यांत उंच जागी जातात. आडव्या उतारावर कलंडण्याच्या काठाशी असलेल्या गाडीला हे वजन भोवतं. कॅरिअरचं स्वतःचं वजन, जॅक, पाण्याचे कॅन, तंबू यांची बेरीज कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या छताच्या मर्यादेत बसते का ते पाहिलं पाहिजे, आणि ती मर्यादा गाडी चालू असतानाची घ्यावी. कॅनव्हासच्या छताला हा मार्गच नाही. सह्याद्रीतल्या जंगलवाटांवर खाली आलेल्या फांद्या कॅरिअरवरच्या बाहेर आलेल्या टोकाला पकडतात. आणि सगळ्यांत साधी गोष्ट: पावसात, निसरड्या टायरवर उभं राहून, डोक्याच्या वरून १३ किलोचं विचित्र आकाराचं लोखंड काढणं हे स्वतःच एक अपघात होण्याजोगं काम आहे. ज्यांच्या गाडीला मागे किंवा हौद्यात जागाच नाही त्यांच्यासाठी छत चालेल, पण मग कॅरिअरच्या मध्यभागी, दोन्ही आडव्या पट्ट्यांना बोल्टने पकडून.

जागा कुठलीही असो, एक प्रश्न विचारावा: गाडी नेमकी ज्या स्थितीत अडकेल, त्या स्थितीत हा जॅक हाताला येईल का? मागे घेताना गाडीची पाठ मातीच्या दरडीला टेकली तर मागच्या दारावरचा जॅक चिखलात पुरला गेलेला असतो. गाडी उजव्या कुशीवर झुकली तर उजव्या बाजूचा जॅक तिच्याखाली असतो. एकट्याच्या गाडीने जाणं टाळावं असं म्हणतात, त्याला हेही एक कारण आहे. दुसऱ्या गाडीवरचा जॅक वेगळ्या जागी असेल, आणि कदाचित तोच हाती लागेल.

आता पकडीकडे. इथे लोकांचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो. जाड बोल्ट घेतला की काम मजबूत झालं, अशी समजूत आहे. ८.८ दर्जाचा ८ मिलिमीटरचा एकच बोल्ट कायमचा न ताणला जाता सुमारे दोन टनांची ओढ सोसतो. वर काढलेली अपघाताची ओढ २६० किलोची. म्हणजे बोल्टला तिथे भरपूर जागा आहे. तुटतो तो बोल्टभोवतीचा पातळ पत्रा. साध्या वॉशरवर आवळलेला बोल्ट धक्क्यात पत्र्याला भोक पाडून आरपार निघून येतो. म्हणून पैसा घालायचा तो पत्र्याच्या मागच्या बाजूला, हाताच्या पंज्याएवढ्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीत, आणि शक्य तर पत्रा सोडून नळी किंवा चॅनेलवर पकड घेण्यात. नळीवर क्लँप लावायचे तर दोन क्लँप, एकमेकांपासून शक्य तितके लांब, आणि चालत असतील तर दोन वेगळ्या नळ्यांवर. एकाच नळीवरचे क्लँप भाराखाली नळीभोवती फिरतात आणि मग जॅक लोलकासारखा डोलायला लागतो.

नट ढिला होण्याबद्दल जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये मांडलेला निष्कर्ष अजूनही गॅरेजपर्यंत नीट पोचलेला नाही. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडव्या दिशेने बसणारे धक्के नट जास्त सोडवतात, कारण त्यात जोडलेले दोन भाग एकमेकांवर किंचित घसरतात. साधा स्प्रिंग वॉशर त्याला फारसा अडवत नाही. उपाय म्हणजे भाग घसरणारच नाहीत इतकं आवळणं, आणि त्यावर नायलॉनचा नट किंवा पाचरी वॉशर. जॅक वारंवार काढायचा असल्याने बाजारातले संच हाताने फिरवायचे पंखनट किंवा मूठनट देतात. हाताने तेवढी आवळ येत नाही, म्हणून त्या नटाखाली रबर हवं आणि त्याच्या जोडीला दुसरी, स्वतंत्र पकड हवी. एक नट गळून पडला तरी जॅक रस्त्यावर पडणार नाही, ही किमान अट. महामार्गावर गाडीतून पडलेला जॅक मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी काय असेल, हे सांगायची गरज नाही.

हातोडे-फावड्यांसाठी मिळणारे रबरी पट्टा-क्लँप काही जण जॅकसाठी वापरतात. त्यांच्यातल्या प्रसिद्ध ‘क्विक फिस्ट’च्या साध्या आकाराची मर्यादा उत्पादक प्रत्येकी २५ पौंड, म्हणजे सव्वाअकरा किलोंच्या आसपास सांगतात. १३ किलोच्या जॅकला दोन क्लँप लावले की रोजच्या वजनाचं गणित जमतं, अपघाताचं जमत नाही. म्हणून ते हँडल थरथरू नये यासाठी वापरावेत, मुख्य पकड म्हणून नव्हे. लवचीक हुकाच्या दोऱ्या तर यासाठी नाहीतच. त्या ताणल्या जातात आणि सुटताना हूक डोळ्याकडे येतो. रॅचेटचा पट्टा चालेल, पण बोल्टच्या जोडीला, आणि उन्हाने पांढरा पडायला लागला की बदलायचा.

हलणाऱ्या भागांकडे आता यायला हवं. जॅक ठेवताना हँडल दांड्याला चिकटून आणि दिशेची खिटी वरच्या स्थितीत, असं उत्पादक सांगतात. खिटी खालच्या स्थितीत राहिली तर भार नसलेली यंत्रणा दांड्यावरून सरळ खाली घसरते. चालत्या गाडीत ती थरथरत वर-खाली फिरून पकडीवर हातोड्यासारखी आपटत राहते. हँडलला धरून ठेवणारी तारेची चिमटी काही महिन्यांत ढिली पडते. त्याजागी पॉलियुरेथेनचा जाड पट्टा मिळतो. तो स्वस्त आहे, आवाजही बंद करतो, आणि मोकळं हँडल दगडी वाटेवर बाहेर झुलण्याचा धोकाही.

बाहेरचा जॅक आपल्या हवामानात लवकर निकामी होतो. लाल माती पिनांच्या भोकांत बसते, सुकते आणि पिन अर्ध्यावर अडकते. अर्ध्यावर अडकलेली पिन म्हणजे गाडी वर उचलल्यावर भार एकाच पिनेवर. यंत्रणेवर जाड कापडाचं किंवा निओप्रीनचं आवरण घालावं, आवरणाच्या खाली पाणी निथळायला वाट असावी. ग्रीस फासू नये, ते मातीला धरून ठेवतं. हलकं तेल किंवा कोरडं वंगण पुरतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत पकडीचे बोल्टही गंजतात आणि ऐन वेळी सुटत नाहीत. चोरीसाठी लावलेलं कुलूप तर आधी गंजतं. कुलूप लावायचंच असेल तर पितळी, रबरी टोपीचं, आणि किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात.

एक सामान या सगळ्यात राहून जातं: तळाची फळी. जॅकच्या तळाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, म्हणजे १८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. त्यावर ८०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोंच्या जवळपास दाब पडतो. टायरमधली हवा ३० पीएसआय असेल तर टायर जमिनीवर साधारण दोन किलोंचाच दाब देतो. ज्या चिखलाने टायर पेलला नाही तो जॅकचा तळ कसा पेलणार? म्हणून रुंद फळी किंवा खास प्लॅस्टिकचा तळ सोबत हवाच, आणि त्यालाही जॅकइतकीच पक्की जागा हवी. जॅक बोल्टने आणि फळी मागे मोकळी, हे अर्धं काम झालं.

शेवटी एक प्रश्न, जो खरेदीच्या आधी विचारायला हवा होता: या गाडीला हा जॅक लावायचा तरी कुठे? हाय-लिफ्ट जॅकची जीभ धरायला सपाट, मजबूत पोलादी कड लागते. नव्या गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे आहेत. त्यांना जॅक लावला तर प्लॅस्टिक फुटतं आणि गाडी घसरून खाली येते. पोलादी बंपर नाही, चासीला जोडलेले बाजूचे रॉक स्लायडर नाहीत, चाकाला धरून उचलणारा हुकांचा जोड नाही, अशा गाडीवर हा जॅक म्हणजे नुसतं वजन आणि नुसता धोका. तिच्यासाठी चाकाखाली घालायच्या पकडीच्या फळ्या, हवा कमी करायचं यंत्र, ताणला जाणारा दोर, फावडं आणि गाडीबरोबर आलेला जॅक एवढं सामान जास्त उपयोगी. एक्झॉस्टच्या हवेने फुगणारा पिशवीचा जॅकही आहे. तो गुंडाळून मऊ पिशवीत जातो आणि अपघातात कुणाला भोसकत नाही, फक्त इंजिन चालू असावं लागतं. वर सांगितलेल्या जागांपैकी एकही जागा आपल्या गाडीत नीट जमत नसेल, तर जॅक घरी ठेवण्याचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा आहे.

जमत असेल तर काम झाल्यावर, पहिल्या मोहिमेच्या आधी, पकड तपासावी. जॅकला दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, वर-खाली जोर लावावा. गाडी हलली तरी चालेल, जॅक गाडीच्या सापेक्ष हलता कामा नये. प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या पत्र्यावर एकच आडवी रेघ तैलरंगाने ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, आणि पाना न लावताही चहाच्या थांब्यावर एका नजरेत कळतं. पन्नासेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून पुन्हा आवळावं. मग जॅक काढायला गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगावं, ज्याने तो बसवलेला नाही, हातमोजे घालून आणि पाण्याने ओले करून. त्याला अवजार शोधावं लागलं, किल्ली विचारावी लागली किंवा तुम्हाला येऊन दाखवावं लागलं, तर पकडीची रचना बदलायला अजून वेळ आहे.